उसना पाना

धुळ्याहून घरी आलो की मी चपला काढायच्या आधी आई विचारायची, ‘त्या नानांकडे जाऊन आलास का?’ २००५ च्या मे महिन्यापासून ती गेली त्या २०१९ सालापर्यंत हा प्रश्न कधी चुकला नाही आणि माझं उत्तरही फारसं बदललं नाही. उशीर झाला. बस थेट होती. पुढच्या वेळी नक्की. आई नुसतं ‘हं’ म्हणायची. त्या ‘हं’मध्ये काय काय असायचं, हे खानदेशातल्या आयांच्या मुलांना सांगायला नको.

बरं, धुळ्याला माझं जाणं काही कमी नव्हतं. जळगावला कॉलेजात मी इतिहास शिकवायचो आणि महिन्या-दोन महिन्यांनी राजवाडे संशोधन मंडळात जाऊन बसायचो. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अगदी शेवटच्या दिवशी धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी धुळेकरांनी हे मंडळ उभं केलं. मला ओढ होती ती देण्याघेण्याच्या मोडी कागदांची. कुणी कुणाकडून किती रुपये उचलले, व्याज काय ठरलं, साक्षीला कोण होतं, फेड झाली की नाही. मेलेल्या माणसांची देणी मी भिंग लावून वाचत होतो, आणि माझं स्वतःचं देणं जळगावला आमच्या अंगणात, गाडीच्या डिकीत, एका फाटक्या बनियनमध्ये गुंडाळून पडलेलं होतं.

ते देणं म्हणजे एक पाना. रिंग पाना, एका बाजूनं कापून अर्धा केलेला आणि मानेशी तापवून असा काही विचित्र वाकवलेला, की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, ट्रकखाली सापडला असेल. जगातल्या कुठल्याही दुसऱ्या कामाला तो उपयोगी नाही. तो फक्त फियाटच्या सायलेन्सरच्या डाऊन पाइपाच्या आतल्या बाजूच्या नटापर्यंत पोचतो.

गाडी वडिलांची. प्रीमियर पद्मिनी, १९७९ चं मॉडेल, रंग सायीचा. वडील विमा एजंट. सावदा, फैजपूर, यावल हा केळीचा सगळा पट्टा त्यांचा. १९८७ साली भुसावळच्या एका डॉक्टरांकडून त्यांनी ती जुनी घेतली. आम्ही तिला पद्मिनी कधीच म्हटलं नाही. फियाटच. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि पुढे त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या गाड्या जुळायला लागल्या. आधी ती गोलमटोल ‘डुक्कर फियाट’, मग चौकोनी अकराशे. सत्तरच्या दशकात नाव बदलून प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून पद्मिनी. पण लोकांच्या तोंडातून फियाट काही गेली नाही. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढच्या सीटवर दाटीवाटीनं तीन माणसं. वडील चौथंही बसवायचे.

१९९९ मध्ये वडील गेले आणि गाडी चार वर्षं निंबाखाली उभी राहिली. २००३ मध्ये मी तिला पुन्हा चालती केली. बॅटरी, टायर, कार्बोरेटर, ब्रेकची रबरं, सगळं झालं. राहिला तो डाऊन पाइप.

ज्यांना गाडीच्या पोटातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. जळका धूर इंजिनातून जिथून बाहेर पडतो तिथं बिडाचा मॅनिफोल्ड असतो आणि त्याला खालून येऊन भिडतो तो डाऊन पाइप. दोघांच्या मध्ये गॅस्केट, आणि हे सगळं आवळून धरायला स्टड आणि नट. गाडीत याच्याइतके हाल कुठल्याच सांध्याचे होत नाहीत. चालवली की भाजून निघतो, थांबली की गार पडतो, पावसाळ्यात तापलेल्या अंगावर चिखलाचं पाणी उडतं. लोखंड गंजलं की गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते आणि आट्यांमध्ये जागा असते केसाएवढी. शेवटी नट कुठं संपला आणि स्टड कुठं सुरू झाला ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

आमचं गॅस्केट फुटलेलं होतं. ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखाली फट-फट-फट. मी तीन रात्री नटांवर घासलेट आणि डिझेल सोडलं, चौथ्या दिवशी पाना लावला आणि पान्याच्या शेपटीत दोन फुटी लोखंडी पाइप घालून सगळं अंग टाकलं. नट हलला नाही. त्याचे कोपरे मात्र गेले. मग एका गॅरेजात नेली. त्यांनी छन्नी लावून उरलेसुरले कोपरेही उडवले. नाव घेत नाही; त्यांनी छन्नी लावली, मी पाइप लावला होता, हिशेब चुकता. सुटत नाही म्हटल्यावर त्यांनी सांध्याभोवती अस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली, वरून कसलंसं मलम थापलं आणि म्हणाले, ‘वर्षभर बघायचं काम नाही, सर.’

सात महिने टिकलं.

मे महिन्यात धुळ्याला मामेबहिणीचं लग्न होतं. आदल्या दिवशी हळद. सकाळभर पेपर तपासून, शहाणा माणूस ज्या वेळी घराचा उंबरा ओलांडणार नाही अशा वेळी, दुपारी एक वाजता, मी आईला घेऊन निघालो. पारा पंचेचाळीसला टेकलेला. खानदेशात मे महिन्यात गाडीच्या काचा वारा यावा म्हणून उघडत नाहीत, वारा येऊ नये म्हणून लावतात. बाहेरचा वारा भट्टीतून आल्यासारखा असतो. आई मागच्या सीटवर, चारही काचा वर, तिच्या बाजूच्या काचेवर ओला टॉवेल. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला, पाळधी गेलं. एरंडोलला बॉनेटखाली पुन्हा फट-फट सुरू झालं. आता धुळ्याला पोचल्यावर बघू, म्हणून मी चालवत राहिलो. पारोळा गेल्यावर आई म्हणाली, डोकं ठणकतंय. मला वाटलं, ऊन लागलं. पिशवीतला कांदा फोडून हुंगायला दिला. फागणं मागे पडलं तेव्हा ती बोलेनाशी झाली होती. मग तिला उलटी झाली.

मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरतेकडून नागपूरमार्गे कलकत्त्याला जाणारा रस्ता धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यामुळे गावाच्या चारी अंगांना ट्रकवाल्यांची दुकानं पसरलेली: टायर, स्प्रिंगपाटे, रेडिएटर, बॉडीवाले. रस्त्याकडेला पत्र्याची एक शेड दिसली, पुढ्यात दोन ट्रक आणि एक निंब. मी सावलीसाठी गाडी आत घातली. खालून कोणीतरी ओरडलं, ‘बंद कर! पहिले बंद कर ती!’

ट्रकखालून एक साठीचा माणूस सरपटत बाहेर आला. बंडी, ऑइलनं काळी पडलेली हाफ पँट. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. मागचं दार उघडलं, ‘ताई, भाईर या’ म्हणत आईला दंडाला धरून बाहेर काढलं आणि निंबाखालच्या बाजेवर नेऊन निजवलं. तोंडावर पाणी मारलं नाही, कांदा लावला नाही. नुसतं मोकळ्या वाऱ्यात ठेवलं. बारा-तेरा वर्षांच्या एका पोराला पंख्यानं वारा घालायला बसवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘मास्तर शे का तू?’

मी हो म्हटलं. कशावरून ओळखलं, कोण जाणे.

‘धूर मझार येत व्हता. वास नही उना?’

वास येत होता. महिनाभर येत होता. आईचं डोकंही गेल्या महिन्यात गाडीतून गेलं की दुखायचं आणि आम्ही उन्हाला बोल लावत होतो. धुरातला खरा मारक भाग म्हणजे कार्बन मोनॉक्साईड. त्याला ना वास ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटीनं चिकटतो आणि माणसाला झोप यावी तसा गुंगवत नेतो. हे मी नंतर वाचलं. काचा लावलेल्या गाडीत, मागच्या सीटवर, अजून अर्धा तास गेला असता तर काय, हा हिशेब मी आजवर पूर्ण केलेला नाही.

तासाभरात आई उठून बसली. पन्हं प्यायली. आणि पहिलं वाक्य बोलली, ‘हळदीला उशीर होतोय.’

‘हळद गई,’ नाना म्हणाले. ‘आज गाडी जावाव नही.’

त्यांना सगळेच नाना म्हणत, मीही म्हणायला लागलो. नानांचं बोलणं अहिराणी. मी इथं निम्मं मराठीत करून लिहितो आहे, त्यामुळे त्यातला तिखटपणाही निम्माच उतरेल. फियाट बघून जुन्या मैत्रिणीला भेटल्यासारखा आनंद वगैरे त्यांना मुळीच झाला नाही. भायखळ्याच्या एका टॅक्सी गॅरेजात त्यांनी वीस वर्षं काढली होती. ‘येडी गाडी,’ म्हणाले. ‘वीस वर्षं हिच्याखाली निजलो, पाठ गेली. ट्रक बरा. ट्रकखाली बसता तरी येतं.’

गाडी खड्ड्यावर घेतली आणि निवेपर्यंत तशीच ठेवली. संध्याकाळी दाढीचा छोटा आरसा खालून वर धरून, बॅटरीच्या उजेडात त्यांनी तो सांधा निरखला. आधी मलमाचे पोपडे खरवडून काढले, दोरी ओढून काढली.

‘हाई कोन करं?’ कोपरे गेलेल्या नटावर बोट.

‘मी.’

‘आनि हाई?’ छन्नीचे घाव.

‘गॅरेजवाल्यानं.’

‘शिकेल-सवरेल तू, आनि अडानी तो. काम सारखंच.’

नाना समजावून सांगणाऱ्यांतले नव्हते. काय करताहेत ते विचारलं की चिडायचे. जे कळलं ते मला बघून कळलं आणि काही तर पुढे कित्येक वर्षांनी. त्या नटावर चौदा नंबरचा पाना गरगर फिरत होता आणि तेराचा बसत नव्हता. नानांनी खिळ्याला लावलेल्या जुड्यातून हा वाकडा पाना काढला. तोंड तेराचं. भायखळ्याला असताना त्यांनीच तापवून, ठोकून केलेला. तारेच्या ब्रशनं नट घासला आणि पाना त्याच्यावर चक्क हातोडीनं ठोकून बसवून पाहिला. बसला. मग काढून ठेवला.

तेवढ्यात लाइट गेली. त्या वर्षांत लोडशेडिंग म्हणजे सूर्य उगवण्या-मावळण्यासारखी गोष्ट होती, कोणी दचकायचंही नाही. बॅटरी धरायला माणूस हवा होता. पोरगा, म्हणजे नानांचा पुतण्या, पेट्रोलच्या नळीवर आणि कार्बोरेटरवर ओलं गोणपाट धरून उभा. मी खड्ड्यात नानांच्या शेजारी. आई बाजेवरून उठली, पदर खोचला आणि म्हणाली, ‘द्या इकडे.’ चार तासांपूर्वी जिला हाताला धरून गाडीबाहेर काढली होती तीच बाई बॉनेटच्या कडेवर वाकून त्या नटावर उजेड पाडत उभी राहिली. ‘जरा डावीकडे, ताई.’ ‘हं.’ माझ्या आईच्या ‘हं’चा एक चांगला प्रकारही होता, तो मी त्या रात्री ऐकला.

नानांनी ब्लो लॅम्प पेटवला. फर्रर्र आवाज करत निळी ज्योत त्या नटावर. नटावरच, स्टडवर जाऊ द्यायची नाही. नट तापून फुगला पाहिजे, आतला स्टड त्या मानानं गार राहिला पाहिजे. मंद लाली चढल्यावर ज्योत बाजूला घेतली आणि एक पांढरी मेणबत्ती, घरात लाइट गेली की लावतो ती, नटाच्या मुळाशी टेकवली. मेण चर्र करून वितळलं, धूर निघाला आणि बघता बघता ते आट्यांच्या फटीत ओढलं गेलं, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं. पुन्हा ज्योत, पुन्हा मेण. असं तीनदा. मग पाना ठोकून बसवला आणि नानांनी तो आवळायच्या बाजूला दाबला.

‘नाना, उलटीकडे,’ मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढे त्या रात्री मी दिशांबद्दल काही बोललो नाही.

आधी आवळायच्या बाजूला नखभर. गंजाची जी पकड असते ती मोडायला दिशा लागत नाही, हलणं लागतं. आणि आवळायच्या बाजूला थोडं तरी नवं लोखंड असतं. तिथून मग सोडायच्या बाजूला. एक आवाज झाला. टक्. बोटाचं पेर मोडावं एवढासा. आईनं वरून विचारलं, ‘मोडला?’

‘सुटना,’ नाना म्हणाले. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: अहिराणीत ‘सुटना’ म्हणजे सुटला. त्या क्षणी मीही मराठीत ऐकलं आणि माझा जीव खाली गेला.

सुटला, पण निघाला नव्हता. पाव आटा बाहेर, अर्धा पाव आत, तेलाचा थेंब, पुन्हा पाव आटा बाहेर. आंघोळीला न्यायच्या पोरासारखा तो पुढे-मागे करत होता. तासभर लागला. शेवटी तो तांबडा भुगा सांडत बाहेर आला आणि नानांनी तो पत्र्याच्या डब्यात टाकला. आईला तो बघायचा होता. गार झाल्यावर तिनं पदरानं पुसून हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाली, ‘एवढुसा!’

बाकीचे नट साधे होते. कोपरे शाबूत, गंज कमी. नानांनीही ते साधेच धरले असणार, कारण शेवटचा त्यांनी फारसा न तापवता फिरवला आणि तो स्टडसकट तुटून हातात आला.

मिनिटभर नाना जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. त्यांच्या शिव्या आईला उद्देशून नसल्या तरी तिनं बॅटरी विझवून तोंड दुसरीकडे केलं. मग नाना खड्ड्याच्या पायरीवर बसले, तंबाखू मळली आणि म्हणाले, ‘आते लाइट उनी म्हंजे.’ मोडक्या स्टडाचं बोटाच्या पेराएवढं खुंट बाहेर होतं. वेल्डिंगशिवाय इलाज नाही आणि वेल्डिंगला वीज हवी.

शेडच्या मागेच घर. नानींनी कळण्याच्या भाकरी टाकल्या होत्या, शेवेची भाजी आणि खलबत्त्यात कुटलेला ठेचा. आई जेवली, हे मला महत्त्वाचं होतं. मी मामाला मोबाइलवरून कळवलं, तो वैतागला. मग नानी आणि आई अंगणात बाजेवर पडून रात्री उशिरापर्यंत बोलत होत्या. काय ते मला कळलं नाही, पण सकाळपर्यंत दोघींची माहेरं कासोद्याच्या आसपास निघाली होती आणि बिबड्यांच्या, म्हणजे आमच्याकडच्या पापडांच्या, ज्वारीचं पीठ किती आंबवावं यावर मतभेदही झाले होते.

रात्री दीडच्या सुमाराला पोरगा ओरडला, ‘लाइट उनी!’ आणि नाना बाजेवरून असे उठले जसे झोपलेच नव्हते. त्या खुंटावर त्यांनी एक मोठा नट ठेवला आणि नटाच्या भोकातून आत वेल्डिंगची टीप मारली, खुंट आणि नट एकजीव होईपर्यंत. निळा लखलखाट, पाठमोरे आम्ही. वेल्डिंगची खरी करामत नट चिकटवण्यात नसून स्टड आतून लालबुंद करण्यात असते. बिडाची आणि त्याची गाठ त्या उष्णतेनंच सैल होते. लाली उतरू दिली, पाना लावला, पुन्हा आधी नखभर आवळलं. जो संध्याकाळी गर्वानं मोडला होता तो निमूट बाहेर आला.

पुढचं काम पहाटेपर्यंत चाललं, आणि ते मला आजही बघत बसायला आवडेल. भोकांतून टॅप फिरवून आटे साफ केले. गॅस्केटचा पत्रा फ्लँजवर ठेवून गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं हलकेच टिपत गेले, आणि कात्री न लावता फ्लँजचा आकार आपोआप कापून निघाला, भोकंसुद्धा. मग बोर्नव्हिटाच्या जुन्या डब्यातून पिवळेधमक नट काढले. पितळेचे. लोखंडावर लोखंड वाढतं, पितळ गंजत नाही आणि लोखंडाला धरूनही बसत नाही. शिवाय तापलं की लोखंडापेक्षा जास्त फुगतं, म्हणजे पुढच्या वेळी आपण होऊन वाट देतं. हे मी सांगतोय. नाना एवढंच म्हणाले, ‘हाई लाव, म्हंजे मना बापला शिव्या नही देवाऊ.’ म्हणजे पुढचा मेकॅनिक.

उजाडताना मी पैसे विचारले. घासलेट, वेल्डिंगचा रॉड, नट, पत्रा, सगळं मिळून दोनशे.

‘आणि रात्रीचे?’

‘रातना काय पैसा? तू बी जागाच व्हता.’

मी पाकीट उघडून उभा राहिलो तर ते खरंच चिडायला लागले, म्हणून आवरतं घेतलं. निघताना त्यांनी तो वाकडा पाना माझ्या हातात दिला. नवा सांधा दोन-चारदा तापून गार झाला की थोडा बसतो, पाच-सहाशे किलोमीटरनंतर नट एकदा आवळावे लागतात, आणि आतल्या नटाला दुसरा कुठलाच पाना पोचत नाही. ‘लई जा. येशी तव्हय दी देजो.’

येशील तेव्हा देऊन टाक. एवढंच.

जळगावला आल्यावर पाचशे किलोमीटर झाले तेव्हा मी नट आवळले. पाना पुसून डिकीत ठेवला. मग धुळ्याला जायचो ते एस.टी.नं, कारण मंडळात दिवसभर बसायचं आणि गाडी उन्हात तापायची. आणि पाना गाडीत. जेव्हा आठवण असायची तेव्हा पाना नसायचा, जेव्हा पाना असायचा तेव्हा घाई असायची. हे कारण मी आईला बऱ्याचदा दिलं. लिहून बघितल्यावर ते आणखीच पोकळ दिसतं. २००८ च्या उन्हाळ्यात तिनं माझ्या हाती बिबड्यांचा डबा दिला आणि सांगितलं, हा परत आणलास तर घरात घेणार नाही. मी बसमधून मधेच उतरलो. शेडला कुलूप होतं. समोरच्या चहावाल्याकडे डबा ठेवला, नानांना द्या म्हणालो, आणि पुढच्या बसनं मंडळात गेलो. माझं नाव सांगायचं राहिलं.

‘पाना दिलास?’

‘बिबडे दिले.’

‘हं.’

२०११ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये डाऊन पाइप खाली काढायचा प्रसंग आला. दोन्ही वेळा मीच काढला. पितळी नट दहा मिनिटांत सुटले, शेवटचे आटे तर मी बोटांनी फिरवले.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर पेपरात बातमी आली: मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी उद्यापासून रस्त्यावर नाही. २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदलेली ती शेवटची काळी-पिवळी आणि वीस वर्षांची मुदत संपली. लोक हळहळले, फोटो काढले. मी पेपर ठेवला आणि डिकी उघडून बनियनची गुंडाळी बघितली. आई जाऊन चार वर्षं झाली होती, विचारणारं कोणी नव्हतं. कदाचित म्हणूनच दिवाळीच्या सुटीत गाडी काढून निघालो.

तरसोद ते फागणे रस्ता चौपदरी झाला आहे. चांगला झाला आहे, पण ओळखीचं काही ठेवलेलं नाही. निंब नाही, शेड नाही. दोनदा पुढे जाऊन वळून आलो. शेवटी एका टायरवाल्यानं सांगितलं, नाना सात वर्षांपूर्वी गेले, पुतण्याचं दुकान गावात पारोळा रोडला आहे.

पुतण्या आता तिशीचा, दाढी राखलेली, हातात टॅबसारखा स्कॅनर. गाड्यांचे एसी आणि सेन्सर बघतो. मी आधी ओळख सांगितली नाही, नुसती गुंडाळी सोडून पाना काउंटरवर ठेवला. त्यानं तो उचलला, अंगठा मानेवरून फिरवला आणि हसला.

‘ती ताई बॅटरी धरेल व्हती ते तुम्ही का?’

मी हो म्हणालो. उशीर झाल्याबद्दल काहीतरी पुटपुटायला लागलो. तो आत गेला आणि खिळ्यावरून काढून एक पाना घेऊन आला. तोच. तसाच कापलेला, त्याच कोनात वाकवलेला. फक्त याची मान थोडी जाड.

‘तुम्ही गेलात त्याच दुपारी नानांनी हा केला,’ तो म्हणाला. ‘मला म्हणाले, नेलेला पाना येत नसतो.’

मला काही सुचेना. त्यानं चहा मागवला. निघताना मी माझा पाना तिथंच सोडायला बघत होतो, त्यानं तो परत माझ्या हातात ठेवला. त्याच्या दुकानात फियाट येत नाही आणि दोन ठेवून काय करू, असं त्याचं म्हणणं. मग दारापर्यंत येऊन म्हणाला, ‘सर, एक इचारू? एक साल आमच्याकडे बिबडे आले होते, चहावाल्याकडे कोणी ठेवून गेलं. नानी म्हणायची, कासोद्याकडच्या बाईचे दिसतात, आंबट जास्त शेत. तुमचेच का?’

गेल्या वर्षी मेहरूणहून एक मुलगा आला. पंचविशीचा, आजोबांची १९८५ ची पद्मिनी चालू करायच्या मागे लागलेला. कोणी माझं नाव सांगितलं होतं म्हणे. डाऊन पाइपाचा आतला नट सुटत नाही, कोपरे गेलेत. मी त्याला मेणबत्तीचं सांगितलं, आधी आवळायचं सांगितलं, पितळी नट कुठं मिळतात ते सांगितलं, पेट्रोलच्या नळीवर ओलं गोणपाट टाकायला तीनदा बजावलं. आणि पाना दिला. देताना ‘परत आणून दे हं’ असं मी दारात एकदा म्हणालो, फाटकाशी एकदा, आणि तो गाडीवर बसल्यावर पुन्हा एकदा.

पाच महिने झाले. फोन केला की म्हणतो, सर, येतोच. बस थेट नसते त्याची, पण कारणं माझीच आहेत. मध्यंतरी मी एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे नवा तेराचा रिंग पाना घेऊन गेलो, आठवणीनं कोन काढून दिला आणि मान तापवून वाकवून घेतला. घरी येऊन गाडीखाली शिरलो. नटापर्यंत जातो, पण वर स्टिअरिंगच्या बाजूला अडतो. पुन्हा वाकवला, तर आता नटावर तिरका बसतो.